दगडांचा हेळवी

जत भागातल्या माणसाला दगड गोळा करायचा नाद हाय म्हटलं की लोक हसायचे. तुमच्याकडं दगडाबिगर दुसरं हायच काय, म्हणायचे. खरं हाय. आमच्या रानात नांगर घातला की मातीआधी दगड वर येतो, आन् त्योबी काळा. आभाळातनं पडलेला दगडबी काळाच. म्हशींच्या कळपात दुसऱ्याचं रेडकू हुडकायचं, तशातली गत.

मी मलकारी. जन्म बोअरच्या गाडीवर गेला. शाळा चौथीपतोर, तीबी मास्तर दयाळू व्हते म्हणून. जमिनीच्या पोटात काय हाय ते बघायचं माझं काम, आभाळाशी माझा काय संबंध? पर दस्तगीरचाचानं मला ह्या नादाला लावला. मला एकट्यालाच न्हाई, पंधरा-वीस घरं लावली त्यानं.

दस्तगीर मनेर म्हंजे बांगड्यावाला. संखचा बाजार, उमदीचा बाजार, माडग्याळचा बाजार, असा गाठोडं घेऊन हिंडायचा. पेट्रोलच्या गाड्या जाऊन बॅटरीच्या आल्या, बायका बांगड्या घरबसल्या मागवाय लागल्या, तरी चाचाच्या हातनं बांगडी भरून घ्यायला म्हाताऱ्या वाट बघायच्या. मनगट न दुखवता चढवायचा ना. आन् चढवताना बोलत राहायचा. बोलता बोलता बाईचं घरातलं सगळं दुखणं त्याला कळायचं.

त्याचं एक शास्त्र व्हतं. जिथं दगड असायचं कारण न्हाई, तिथंच हुडकायचा. उन्हाळ्यात तलाव आटले की पोटातला गाळ भेगाळून पांढरा पडतो. गाळात दगड नसतो, पाण्यानं आणलेली नुसती पिठासारखी माती. तिथं एखादा काळा, हाताला जड लागणारा, वरनं जळकी साल असलेला दगड दिसला, तर त्यो वरनं आला. न्हाईतर कुणीतरी आणून टाकला. ह्यातली दुसरी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलीच न्हाई.

आयतवारी सकाळी आम्ही तलावात उतरायचो. हातभर अंतर सोडून, ज्याची त्याची जागा ठरलेली, रांगेत चालायचं, काठीच्या टोकाला लोहचुंबक. ज्याला दगड गावला त्यानं आधी तो सगळ्यांच्या हातात द्यायचा. हातातनं हात फिरून परत आला की मगच तो त्याचा. आन् संध्याकाळी त्याचं बारसं. खरंखुरं बारसं. दगडाला तेल लावायचं, हळदकुंकू लावायचं, सुपात ठेवायचं, आन् ज्याला सापडला त्यानं वाकून त्याच्या कानात नाव सांगायचं. कान कुठला ते आपण धरायचं. मग घुगऱ्या. माझा दगड गावला तवा मी त्याचं नाव सासूबाई ठेवलं, कारण काळा, जड आन् हलवला तरी हलंना. बायको आठवडाभर बोलली न्हाई.

हिप्परगी सर आमच्यात सगळ्यात शिकलेले. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यांना चार गावले. चौघांना शास्त्रज्ञांची नावं दिली, आम्हाला उच्चारता यायची न्हाईत.

आन् इराक्का. तिची लेक भागू सात वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर इराक्का घरातनं बाहेर पडंना. चाचा बांगड्या भरायला गेला तर म्हणली, मला कशाला हव्यात आता. चाचानं गाठोडं बांधलं आन् म्हणला, मग उद्या तलावात ये, चार पावलं चाल. ती का आली ठाऊक न्हाई, पर आली. आन् पहिल्याच दिवशी तिला दगड गावला. बारक्या कैरीएवढा. संध्याकाळी सुपावर वाकली आन् त्याच्या कानात म्हणली, भागू. कुजबुजली, पर अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी घुगऱ्या पातेल्यात तशाच राहिल्या. पर इराक्का त्यानंतर दर आयतवारी यायला लागली. हसायलाबी लागली. दगडाला दर शुक्रवारी तेल लावायची.

अशी कैक वर्सं गेली. मग ते मशीन आलं.

मशीनचं इंग्रजी नाव लांबलचक व्हतं. आमच्याकडं हेळवी येतात ना, बैलावर बसून दारात उभे राहतात आन् तुझा आजा कोण, पणजा कोण, कूळ कुठल्या गावचं, भाऊबंद कुठं कुठं पांगले, सगळं घडाघडा सांगतात. हे मशीन दगडाचं तसंच सांगायचं. म्हणून आम्ही त्याला हेळवीच म्हणायला लागलो.

सरांनी मला तीनदा सांगितलं तवा कळलं. हवेच्याबी वर, पार अंतराळात, कुठनं कुठनं बारीक कण येत असतात, बंदुकीच्या छऱ्यागत, पर डोळ्यांना न दिसणारे. दगड तिथं कोट्यवधी वर्सं हिंडत असतो आन् हे छरे त्याला बसत राहतात. छरा बसला की दगडातला कण फुटतो आन् त्याचं दुसरंच कायतरी हुतं. एका जातीचं सोडियम हुतं, एका जातीचं अॅल्युमिनियम हुतं. ही टिकत न्हाईत, निखाऱ्यागत विझत जातात, आन् विझताना बारीक किरण सोडतात. दगड जमिनीवर पडला की डोक्यावर हवेचं छप्पर येतं. छरे बंद. मग जे हाय ते नुसतं विझत जाणार. सोडियम लवकर विझतं, अॅल्युमिनियम लाखो वर्सं धुमसतं. किती विझलं, किती राहिलं, ह्यावरनं दगड कधी पडला ते कळतं. आन् सालीजवळ छरे निराळे बसतात, पोटात निराळे. त्यावरनं हा तुकडा मूळ धोंड्याच्या कुठल्या अंगाचा, तेबी कळतं.

पूर्वी हे मोजायला शिशाच्या तळघरात दगड महिनोन्महिने ठेवायला लागायचा. मग कुणीतरी नव्या जातीचा स्फटिक काढला, त्याला एवढासा किरणबी दिसतो. मशीन पिठाच्या डब्याएवढं झालं आन् मोठ्या शाळांत वाटलं गेलं. सरांच्या शाळेत आलं तवा सर नव्या नवरदेवागत हिंडत व्हते. एक अट व्हती, मशीन जे वाचील ते आपोआप वर दिल्लीला जाणार. सगळ्यांनी अंगठे दिले. दिल्लीला आपल्या दगडाचं नाव गेलं तर वाईट काय, असंच वाटलं.

आम्ही आपापले दगड फडक्यात बांधून शाळेत नेले. फक्त इराक्कानं आणला न्हाई. म्हणली, माझ्या भागूचं कूळ मला ठावं हाय.

पहिलं उत्तर आलं आन् सगळे उडालेच. दहा-बारा वर्सांत, लांब लांबच्या तलावात, निरनिराळ्या माणसांना गावलेले दगड, आन् हेळवी म्हणतंय सगळे एकाच आईचे. एकाच धोंड्याचे तुकडे, एकाच साली पडलेले. सरांनी नकाशा काढला. मोठा धोंडा आभाळात फुटला आन् आमच्या अख्ख्या तालुक्यावर त्याची पखरण झाली, असं त्यांनी मांडलं. बंगळुरूला मोठ्या लोकांपुढं जाऊन सांगून आले. पेपरात फोटो आला. चाचा त्या फोटोत मागं उभा हाय, आन् हसत न्हाई. ते मला तवाच दिसायला पाहिजे व्हतं.

नंतर मशीननं सगळे तुकडे पडद्यावर जुळवले, फुटलेला रांजण जुळवावा तसे. जुळले. पर आभाळात दगड फुटला तर तुकडे गरम असताना फुटतात, तुटल्या तोंडावरबी जळकी साल चढते. आमच्या एकाबी तुकड्याच्या तुटल्या तोंडावर साल नव्हती. बंगळुरूच्या लोकांनी विचारलं, असं कसं? सरांनी सांगितलं, जमिनीवर आपटून फुटले असतील. मग त्यांनी गंज मोजायला लावला. प्रत्येक तोंडाचा गंज निराळ्या वर्षाचा निघाला. माझ्या सासूबाईचा गंज, मला ती गावली त्याच वर्षाचा. आन् दोन तोंडांवर छिन्नीची खूण.

सरांचं बंगळुरूत हसं झालं. कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, तुमच्या तालुक्यात दगड आभाळातून पडतात की लोहाराच्या दुकानातून. शिकलेला माणूस, सगळा जन्म पोरांना खरं सांगण्यात गेलेला. त्यो परत आला त्यो निराळाच माणूस व्हता.

बिरोबाच्या देवळामागच्या पिंपरणीच्या झाडाखाली सगळे जमले. जो तो एकमेकाकडं बघायला लागला. तू आणलास का, मी आणला का. आमच्याच रांगेतल्या सोपाननं मला विचारलं, तुझ्याकडं बोअरची छिन्नी हाय न्हवं? मी त्याच्या अंगावर गेलो. दहा वर्सं ज्याच्या हातातनं दगड घेतला त्याच्या अंगावर.

तवा चाचा उठला. टोपी काढून हातात घेतली.

“भांडू नका,” म्हणला. “मी टाकले.”

मग त्यानं सगळं सांगितलं, तेच थोडक्यात सांगतो. लई वर्सांमागं बाजारातनं येताना त्याच्या समोर त्यो धोंडा पडला व्हता, गुळाच्या ढेपेएवढा. त्यानं उकरून घरी आणला. आल्यागेल्याला दाखवायचा. लोक बघायचे, वा वा म्हणायचे, च्या पिऊन जायचे. दुसऱ्याचा दगड माणूस पाहुण्यासारखा बघतो, म्हणला चाचा. ज्याला गावतो त्योच त्याला छातीशी धरतो. एकट्याला झालेला आनंद पचंना त्याला. म्हणून छिन्नी घेतली. दर उन्हाळ्यात एक-दोन तुकडे फोडायचे आन् ज्याचं घरात बरं चाललं न्हाई त्याच्या वाटंत पहाटं जाऊन टाकून यायचं. माझ्या वाटंत टाकला तवा माझी गाडी जप्त झाली व्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोनं बांगड्या भरताना सांगितलं असणार.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. कुणी आपल्याला कीव करून सुख दिलंय असं कळलं की ते सुख तोंडात कडू हुतं.

सर शांतपणे बोलले, ते जास्त लागलं. “चाचा, तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं. बंगळुरूला जायच्या आधी तरी.”

“सर, तुमी इतकं खुश व्हतासा,” चाचा म्हणला. “माझी जीभ उचलली न्हाई.”

कुणीतरी म्हणलं, इराक्काचाबी त्यातलाच. चाचानं मान हलवली. “न्हाई. तिला टाकणार व्हतो. खिशात घेऊन गेलतो, पर वाकायच्या आत तिनं हाक मारली. तिचा तिलाच गावला. त्यो खरा हाय.” आन् तवापासनं खिशातच बाळगलेला त्यो तुकडा काढून सरांच्या हातावर ठेवला. सरांनी शाळेतनं मशीन संगं आणलं व्हतं, तिथंच त्यात घातला. पडद्यावरच्या धोंड्यात एक भोक राहिलं व्हतं, त्यात त्यो बसला.

पर एकदा खोटा ठरलेल्या माणसाचं खरं कोण धरतो? सोपान म्हणला, ह्या दोघांचं संगनमत हाय, म्हणूनच ती दगड आणत न्हाई. चाचाला बायकांची लई कणव. ह्या शब्दामागं काय व्हतं ते सगळ्यांना कळलं. एक-दोघं हसलेबी. इराक्का तिथंच बसली व्हती. म्हाताऱ्या माणसाची टोपी हातात, मान खाली, आन् लोक हसतात, हे तिनं बघितलं.

उठली आन् घरी जाऊन भागूला घेऊन आली.

चाचा आडवा झाला. “नको इराक्का. माझी अब्रू गेली ती गेली. त्याला मशीनमध्ये घालू नको. ते वर सांगतं.”

“सांगू द्या की,” ती म्हणली. “तुमी खरं बोललासा, एवढंच कळू द्या ह्यांना.”

मशीनला दगड वाचता येईना. किरण मोजायच्या आधी ते वरनं उजेडाचा ठिपका मारून दगडात काय काय हाय ते बघतं, आन् इथं वर्सानुवर्सांचं तेल. सर म्हणले, धुवावा लागेल. साबणानं धुतो मी. इराक्कानं दिला न्हाई. कोमट पाणी मागितलं, शिकेकाई मागितली. पिंपरणीखाली पाय लांब करून बसली, लुगडं गुडघ्यापतोर सारलं, दगड पायावर ठेवला, आन् लेकरू न्हाऊ घालतात तसा धुतला. मान धरावी तसा हात खाली. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून वरच्या अंगाला हात आडवा. मघा हसलेले दोघं उठून लांब जाऊन बसले.

हेळवी लई वेळ घुमत राहिला. मग सरांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. मशीनला ह्या दगडाचं कूळच सांगता येईना. चाचाच्या धोंड्याशी नातं न्हाई. जगातल्या नोंद झालेल्या कुठल्याच दगडाशी न्हाई. आजवर कुणाला न गावलेल्या जातीचा. सूर्य पेटायच्या आधीची राख हाय आत, म्हणले सर.

इराक्काला त्यातलं काय कळलं न्हाई. तिनं एवढंच विचारलं, “म्हंजे चाचा खरं बोलला न्हवं?”

“खरं बोलला,” सर म्हणले.

ती सोपानकडं बघून हसली. एवढ्यासाठीच तिनं ते केलं व्हतं. लोक पुढं आले, हातात घेऊन बघाय लागले, जुन्या दिवसागत दगड हातातनं हात फिरला. मला वाटलं, झालं, मिटलं. चाचा तेवढा लांबच उभा व्हता.

पुढच्या आठवड्यात दिल्लीची गाडी आली. पोरगी व्हती एक, सायबीण, बोलायला लई चांगली. तिनं कायदा सांगितला. आभाळातनं पडलेलं सगळं सरकारचंच असतं, पर नेहमीच्या जातीचे दगड सरकार ज्याचे त्याला ठेवू देतं. नवी जात निघाली तर नेतं. आमचे सगळ्यांचे, चाचानं टाकलेले, तिनं बघितले आन् परत दिले. हे ठेवा म्हणली, असे पुष्कळ आहेत.

भागूला नेणार हे कळल्यावर इराक्का म्हणली, बघायला कधी येऊ? पोरगीनं खरं सांगितलं, तिला खोटं सांगता आलं असतं. म्हणली, मावशी, ह्याचा थोडा भाग कापून दळावा लागतो, काही भाग विरघळवावा लागतो, उरलेला काचेत बंद राहतो. मग तेलाबद्दल बोलली. तेल आत मुरलंय, बरंचसं खराब झालंय, असं करायला नको होतं तुम्ही. रागानं न्हाई बोलली. तरी इराक्का माफी मागायला लागली. सरकारचा दगड खराब केला म्हणून.

सरांनी अर्ज केले, भांडलेबी. चाचानं तर पोरगीपुढं हात जोडले, म्हणला, पोरी, ह्यो मीच टाकलाय, माझ्या धोंड्यातलाच हाय. पोरगीनं मशीनकडं बघितलं. त्या माणसाच्या खोट्याचा त्या दिवशी पहिल्यांदा कायतरी उपयोग झाला असता, आन् त्याच दिवशी ते चाललं न्हाई.

गाडी गेली. आयतवार बंद पडले. कुणी बंद केले न्हाईत, कुणी उतरलंच न्हाई. लोकांनी आपापले दगड कुणी दाराला अडकण लावले, कुणी लोणच्याच्या बरणीवर ठेवले. चाचाकडनं बांगड्या भरून घेणं बऱ्याच घरांनी सोडलं. त्यो बाजाराला जायचा, सांजचं तसंच गाठोडं घेऊन यायचा.

एकदा त्यो माझ्याकडं आला आन् म्हणला, मलकू, माझ्यासंगं इराक्काकडं चल. एकट्याचं पाऊल उचलंना. गेलो आम्ही. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत व्हती. ये म्हणली न्हाई, जा म्हणली न्हाई. आम्ही भिंतीशी बसलो. चाचा म्हणला, माफ कर म्हणायला आलोय.

“कशापायी?” ती म्हणली. “तुमी मला काय केलंसा?”

भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग चुलीकडंच बघत बोलली.

“एवढ्या सगळ्यास्नी फसवलासा, चाचा. मलाबी फसवायचं व्हतं. मला एकटीलाच खरा का गावू दिलासा?”



इराक्कानं भाकरी फुगवली, ताट घेतलं, कोरड्यास वाढलं आन् माझ्यापुढं ठेवलं. दुसरं ताट घेतलं न्हाई. चाचा थोडा वेळ बसला. मग भिंतीला हात लावून उठला, दारात चपला हुडकल्या आन् गेला. मी घास तसाच हातात धरून त्याच्या पाठीकडं बघत व्हतो.

“जेव तू,” ती म्हणली. “गार हुतंय.”